ओपन ऑफर : छोट्या भागधारकाचा निर्णय

ओपन ऑफर म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचा मोठा हिस्सा किंवा ताबा घेणाऱ्याने बाकीच्या भागधारकांचे शेअरही ठरावीक भावाने विकत घेण्याची जाहीर तयारी दाखवणे. ताबा बदलताना हा देकार कायद्याने द्यावाच लागतो. मोठ्या मालकाने चढ्या भावात आपला हिस्सा विकावा आणि पन्नास-शंभर शेअरवाल्याने नव्या मालकाच्या हाताखाली मुकाट राहावे, असे होऊ नये म्हणून हे बाहेर पडायचे दार ठेवलेले आहे. त्या दारातून जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

१९८३ मध्ये ब्रिटनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर बाजारातून गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पण छोट्या भागधारकाला अशा वेळी काय मिळावे, याचा सविस्तर नियम तेव्हा नव्हता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे नियम १९९४ मध्ये आले, १९९७ मध्ये बदलले, आणि आज लागू असलेले नियम २२ ऑक्टोबर २०११ पासूनचे आहेत. त्यानुसार कोणी २५ टक्के मतहक्काची रेषा गाठली किंवा कंपनीचे नियंत्रण घेतले, की आणखी किमान २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर द्यावी लागते. पूर्वी हे आकडे १५ आणि २० होते. नियम बदलण्यापूर्वी नेमलेल्या सी. अच्युतन समितीने सर्वच्या सर्व शेअरसाठी देकार असावा, असे सुचवले होते. ती शिफारस स्वीकारली गेली नाही, आणि छोट्या भागधारकाची अर्धी अडचण तिथूनच सुरू होते : देकार २६ टक्क्यांचा आणि विकणारे त्याहून जास्त असले, तर प्रत्येकाचे थोडेथोडेच शेअर घेतले जातात.

नाशिककराला हा विषय परका नाही. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींमुळे अनेक मोठ्या कंपन्यांची नावे इथे शेअरच्या यादीआधी कारखान्याच्या गेटवर वाचली जातात. सातपूरला कारखाना असलेल्या एबीबीच्या परदेशी मूळ कंपनीने २०१० मध्ये भारतीय कंपनीतला आपला हिस्सा ५२ वरून ७५ टक्क्यांवर नेण्यासाठी शेअरला ९०० रुपये देऊ केले. अंबडला कारखाना असलेल्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन फार्मास्युटिकल्सच्या मूळ कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये ३,१०० रुपयांचा देकार जाहीर केला. तो त्या वेळच्या बाजारभावापेक्षा सुमारे २६ टक्के जास्त होता. या दोन्ही वेळी मालक बदलला नाही, त्याची पकड घट्ट झाली. पण भागधारकापुढचा प्रश्न तोच होता. एबीबीचा शेअर २०१३ मध्ये ५०० रुपयांच्या आसपास आला, तेव्हा ९०० ला विकणारा शहाणा ठरला. २०२४ मध्ये तोच शेअर ७,००० च्या वर गेला, तेव्हा न विकणारा. पैसा पुढच्या तीन वर्षांत लागणार की पंधरा वर्षांनी, हे ज्याला ठाऊक होते त्याच्यासाठी हा निर्णय तुलनेने सोपा होता.

गेटवरच्या ओळखीचा एक तोटाही आहे. ज्या कंपनीत आयुष्य काढले तिचे शेअर विकणे जिवावर येते. ही भावना खरी आहे आणि तिला हसू नये. मात्र कारखाना चांगला चालणे आणि नव्या मालकाने छोट्या भागधारकाला नीट वागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब

सिडकोतल्या एखाद्या घरात जेवणाच्या टेबलावर देकाराचे जाड पत्र उघडले जाते, तेव्हा पहिली नजर भावावर जाते. समजा देकार ५०० रुपयांचा आहे, बाजारात भाव ४६० आहे आणि घरात १०० शेअर आहेत. शेअरमागे चाळीस रुपये सरळ फायदा दिसतो. पण विकणारे दुप्पट निघाले तर ५० शेअर घेतले जातील आणि ५० परत येतील. देकार संपल्यावर भाव ४२० वर उतरला, तर २५,००० अधिक २१,००० मिळून ४६,००० रुपये होतात. म्हणजे पहिल्याच दिवशी बाजारात विकून जेवढे आले असते तेवढेच. म्हणून भावासोबत दोन आकडे पाहावे लागतात : देकार किती टक्क्यांचा आहे, आणि प्रवर्तकांव्यतिरिक्त, म्हणजे कंपनीचा ताबा असलेले मुख्य मालक सोडून, लोकांच्या हाती किती शेअर आहेत. दोन्ही पत्रातच छापलेले असतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनी स्वतःचे शेअर परत घेते त्या बायबॅकमध्ये दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांसाठी १५ टक्के राखीव असतात. ओपन ऑफरमध्ये अशी राखीव जागा नाही. दुसरा फरक असा की, ज्या तारखेच्या यादीवरून पत्रे पाठवली जातात तिचा पात्रतेशी संबंध नाही. त्या तारखेनंतर शेअर घेणारा किंवा पत्र न मिळालेलाही मुदतीत शेअर देऊ शकतो.

देकार भागधारकांसाठी दहा कामकाजाचे दिवस खुला असतो. लासलगावच्या लिलावात बोली पटली नाही तर शेतकरी ट्रॅक्टर माघारी वळवतो. ओपन ऑफरमध्ये एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत. भाव वाढवायचा असेल तर खरेदीदाराला तो मुदत सुरू होण्यापूर्वीच वाढवावा लागतो. देकाराबद्दल कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीचे मतही मुदतीआधी किमान दोन कामकाजाचे दिवस छापून येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी घाई करण्यात काही मिळत नाही. मुदतीच्या उत्तरार्धात बाजारभाव पाहून ठरवणे हेच शहाणपणाचे.

बाजारभाव देकाराच्या वर असेल तर शेअर देण्यात अर्थ नाही, तरीही ते दिले जातात. २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीसाठी २९४ रुपयांचा देकार दिला. बाजारात भाव त्याहून बराच जास्त असताना सुमारे ५३ लाख शेअर त्यात दिले गेले. त्यानंतर डिसेंबरअखेर संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय यांचा बहुतांश हिस्सा ३४२.६५ रुपयांनी घेतला गेला, आणि देकारात शेअर दिलेल्यांना शेअरमागे आणखी ४८.६५ रुपये मिळाले. मुदत संपल्यापासून २६ आठवड्यांत खरेदीदाराने जास्त भावाने शेअर घेतले तर काही अपवाद वगळता फरक द्यावा लागतो, अशी तरतूद आहे. छोट्या भागधारकासाठी हे कलम अतिशय मोलाचे आहे.

कागदपत्रे

सविस्तर जाहिरात इंग्रजी आणि हिंदी दैनिकांसोबत, जिथे शेअरचे सर्वाधिक व्यवहार होतात त्या गावच्या भाषेतल्या दैनिकातही द्यावी लागते. ते गाव बहुतेक वेळा मुंबईच असल्याने जाहिरात मराठीत येते. मात्र मुंबई आवृत्तीतली जाहिरात नाशिकच्या अंकात असेलच असे नाही. डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यात नोंदवलेले, शेअर ब्रोकरमार्फत शेअर बाजाराच्या यंत्रणेतूनच दिले जातात, म्हणून त्यावर रोखे उलाढाल कर लागतो आणि एक वर्षाहून जुन्या शेअरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख रुपयांची सूट वजा जाता, १२.५ टक्के कर बसतो. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरना त्या दिवसाचा भाव खरेदीभाव म्हणून धरण्याची सवलत मिळू शकते.

सगळ्यात जास्त अडकतात ते कागदी शेअरवाले. लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिका आणि विम्याच्या पावत्यांखाली पिवळी पडलेली सर्टिफिकिटे असतात. नाव वडिलांचे, पत्ता पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा. कागदी शेअरही ओपन ऑफरमध्ये देता येतात. त्यासाठी मूळ सर्टिफिकीट, सही केलेला हस्तांतरण अर्ज आणि पॅनची प्रत लागते. पण ज्यांच्या नावे शेअर आहेत ती व्यक्ती हयात नसेल तर आधी वारसाच्या नावे ते करून घ्यावे लागतात, आणि ते काम दहा दिवसांत उरकत नाही. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते अर्ज करून परत मिळतात. तोवर चालू देकाराची मुदत बहुधा उलटून गेलेली असते.