हाय व्होल्टेज फीडथ्रू घेताय? बसवायच्या आधी हे वाचा

फीडथ्रू म्हणजे व्हॅक्यूम चेंबरच्या भिंतीतून वीज आत नेणारा, सिरॅमिकने इन्सुलेट केलेला पीस. त्यासाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती केव्हीचा (किलोव्होल्टचा) आहे? प्रश्न बरोबर पण अर्धाच, कारण २० केव्हीचा पीस चांगल्या व्हॅक्यूमला वर्षानुवर्षं चालतो आणि तोच पीस पंपिंग अर्धवट असताना ऑन केला तर चारपाचशे व्होल्टलाच आत जांभळा ग्लो पेटतो. मग वाटतं पीस खराब निघाला. तसं नसतं.

मोकळ्या हवेत १ मिलिमीटर गॅप तोडायला, म्हणजे त्यातून स्पार्क पडायला, साधारण ३ केव्ही लागतात, पण दाब १ मिलीबारच्या आसपास आला की १ सेंटिमीटर गॅपला साडेतीनशे व्होल्टच्या आसपास पुरतात (पाशेन या भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला नियम तो हाच). आणि गॅप लहान ठेवून पण सुटका नाही, डिस्चार्ज चेंबरमधला लांबचा रस्ता शोधतो. म्हणून दाब ०.०००१ मिलीबारच्या खाली गेल्याशिवाय सप्लाय ऑन करू नका, व्हेंट करायच्या (चेंबरमध्ये परत हवा सोडायच्या) आधी बंद करा, आणि जमलं तर दाब मोजणाऱ्या गेजच्या रिलेवरून इंटरलॉक (दाब वाढला की सप्लाय आपोआप बंद करणारी जोडणी) घ्याच, लाइट गेली पंप थांबला तर माणूस वेळेवर पोचत नाही.

दुसरं म्हणजे सिरॅमिक. पांढरा भाग अ‍ॅल्युमिनाचा, त्याच्या कडेला बहुतेक वेळा कोव्हारची रिंग (लोखंड, निकेल, कोबाल्ट), कारण तापल्यावर दोघं जवळपास सारखंच फुगतात, आणि जोड चांदी-तांब्याच्या ब्रेझिंगचा, जो ७८० डिग्रीला वितळतो. त्यामुळे कॉपर गॅस्केटवाला पीस बेकिंगला (ओल आणि गॅस काढायला चेंबर तापवण्याला) घाबरत नाही, फक्त हळूहळू तापवा आणि हळूहळूच थंड होऊ द्या. रबर ओ-रिंगवाला असेल तर १५० डिग्रीच्या पुढे नेऊ नका. घाबरायचं ते वाकवण्याला. रॉडला धरून फ्लॅंज फिरवू नका, जड केबलला वेगळा सपोर्ट द्या, नाहीतर जोडापाशी बारीक क्रॅक जाते आणि डोळ्याला न दिसणारा लीक आठवडाभर शोधत बसावा लागतो.

ग्लोव्हज घालूनच हाताळा. सिरॅमिकवर पेन्सिलने खूण तर अजिबात नको, ग्राफाइट करंट नेतं, त्याच रेषेवरून स्पार्क धावतो. कोटिंग मशीनवाल्यांनी आतून शील्ड लावा, अ‍ॅल्युमिनियमची वाफ सिरॅमिकवर बसली की इन्सुलेटरच राहत नाही.

बाहेरची बाजू तर सगळे विसरतातच. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत धूळ आणि ओल मिळून ट्रॅकिंग (सिरॅमिकच्या पृष्ठभागावरून करंट सरकणं) सुरू होतं, चर्रचर्र आवाज आला तर तेच समजा. सप्लाय बंद करून, कपॅसिटर अर्थिंग रॉडने डिस्चार्ज करून, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

ऑर्डर देताना व्होल्टेजसोबत करंट, डीसी का आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी), फ्लॅंजचा साइज, बेकिंगचं टेंपरेचर आणि आत काय प्रोसेस चालते तेवढं लिहून पाठवा.