गोबी मासे

गोबी हे गोबीइडी कुलातील लहान, तळाशी राहणाऱ्या माशांचे सर्वसाधारण नाव. ते ‘गोबियस’ या लॅटिन शब्दावरून आले; गोबी वाळवंटाशी त्याचा संबंध नाही. जवळच्या ऑक्सुडर्सिडी कुलासह या माशांच्या सुमारे २,००० जाती आहेत. त्यांतील बहुतेकांची लांबी १० सेंमी.च्या आत असते.

ओळखायची खूण पोटाखाली आहे. तिथले दोन्ही पर एकमेकांना जुळून वाटीसारखा चूषक तयार झालेला असतो. त्याच्या बळावर मासा दगडाला चिकटून बसतो आणि लाटेने सहसा हलत नाही. पाठीवर दोन सुटे पर असतात. खडकांत शेजारीच राहणाऱ्या ब्लेनी माशाच्या पाठीवर बहुधा एकच लांबलचक पर असतो, त्यामुळे संशय आला की पाठ पाहावी. अनेक जातींत वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) लहान असतो किंवा नसतोच. म्हणून गोबी पाण्यात तरंगत राहत नाही. एक झेप घेतो आणि पुन्हा तळाला टेकतो.

प्रचलित नावांवर फार विसंबू नये. मत्स्यालयांत ‘इंजिनिअर गोबी’ म्हणून विकला जाणारा मासा गोबी नव्हेच. ‘ड्रॅगन गोबी’ हा खरा गोबी. लांबीला अर्धा मीटर, दिसायला सापासारखा, पण शेवाळ खरवडून आणि गाळातले कण टिपून पोट भरणारा. उलट निवटीच्या (मडस्किपर) नावात गोबी कुठेच नसला तरी ती याच गोतावळ्यातली. ओहोटीला ती खाडीच्या चिखलावर परांनी सरकते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेते. डोळे कोरडे पडले की खोबणीत आत ओढून भिजवते आणि पुन्हा वर काढते.

प्रवाळद्वीपांच्या वाळूत आणखी एक जोडी दिसते. अल्फिअस वंशाची कोळंबी बीळ खणते आणि ॲम्ब्लिएलिओट्रिस वंशाचा गोबी तोंडाशी पहारा देतो. कोळंबीची नजर फार अधू. वाळूचा ढीग बाहेर लोटताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. शत्रू दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि कोळंबी ढीग तसाच टाकून मागे फिरते. धोका फार जवळ आला तर मासाही डोके खाली करून तिच्यामागे बिळात शिरतो. राहायला जागा एकाची, डोळे दुसऱ्याचे. कॅरिबियन समुद्रातला निऑन गोबी वेगळे काम करतो: मोठ्या माशांच्या अंगावरचे, कधी तोंडातलेही परजीवी वेचून खातो.

हवाई बेटांवर गोड्या पाण्यातले मूळचे मासे पाचच आणि त्यांतले चार गोबी. तिथे त्यांना ‘ओओपू’ म्हणतात. अंडी ओढ्यात फुटतात, पिल्ले समुद्रात वाहून जातात आणि काही महिन्यांनी परततात. वाटेत धबधबा आला तर चढूनच जावे लागते. नोपिली नावाची जात तोंड आणि चूषक आळीपाळीने खडकाला लावत इंच इंच वर सरकते.

भरतीनंतर खडकांतल्या डबक्यांत अडकणाऱ्या फ्रिलफिन गोबीवर लेस्टर ॲरन्सन यांनी १९५१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. हा मासा एका डबक्यातून न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो. भरतीच्या वेळी त्या भागावरून पोहताना त्याने खाचखळगे लक्षात ठेवलेले असतात. एवढ्याशा डोक्यात नकाशा मावतो याचे नवल वाटते खरे. दुसरीकडे, ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एव्हिओटा सिजिलाटा या जातीला जेमतेम ५९ दिवसांचे आयुष्य लाभते. त्यातले पहिले तीन आठवडे उघड्या समुद्रातच जातात.

उपद्रवी म्हणून फार बदनाम झालेला म्हणजे गोल गोबी. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र हे त्याचे मूळ घर. जहाजांच्या तोल सांभाळण्याच्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत पोहोचला. १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला आणि पुढे पाचही महासरोवरांत पसरला. पाठीच्या पहिल्या परावरच्या काळ्या ठिपक्यावरून तो ओळखू येतो. स्थानिक माशांची अंडी तो फस्त करतो. त्याच्याच मुलखातून तिथे आधीच येऊन थडकलेले झेब्रा शिंपलेही त्याचे आवडते खाद्य आहे.