तोदोस सांतोस : कलावंतांच्या गावामागची पाण्याची आणि किनाऱ्याची कहाणी

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, ला पास आणि काबो सान लुकास यांच्या जवळपास मध्यावर, कर्कवृत्तालगत वसलेल्या तोदोस सांतोस या गावाचे वर्णन पर्यटनविषयक माहितीत 'वसाहतकालीन, शांत, कलावंतांचे गाव' असे हमखास केले जाते. यातले कलावंत गेल्या चाळीस वर्षांतले आहेत, शांतता विसाव्या शतकाच्या मध्यातली आहे, आणि वसाहतकाळाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या विटांच्या वाड्यांपैकी बहुतेक स्पॅनिश राजवट संपल्यानंतर उभे राहिलेले आहेत. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी येथील गोड्या पाण्याचा झरा आहे.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मिशनऱ्यांनी १७२३ मध्ये येथे शेती सुरू केली तीही ला पासच्या मिशनला धान्य आणि भाजीपाला पुरवण्यासाठी, कारण तिकडे पाण्याची वानवा होती. १७३३ मध्ये येथे स्वतंत्र मिशन झाले, पुढच्याच वर्षी पेरिकू लोकांनी उठाव केला, तो मोडला गेला, आणि त्यानंतरच्या साथींनी मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटत गेली. १७६८ मध्ये जेझुइटांनाच द्वीपकल्प सोडावे लागले. अमेरिकेबरोबरच्या युद्धातल्या अखेरच्या चकमकींपैकी एक मार्च १८४८ मध्ये याच गावी झाली. तहावर सह्या होऊन तेव्हा जवळपास दोन महिने उलटले होते, मात्र ती बातमी इकडे पोहोचलेली नव्हती.

आज पर्यटक ज्या रस्त्यांवरून फिरतात ते गाव खरे तर उसाने बांधले. एकोणिसाव्या शतकात झऱ्याच्या पाटांवर उसाचे मळे पसरले, गुऱ्हाळे उभी राहिली, येथला गूळ समुद्रमार्गे बाहेर जाऊ लागला आणि मळेवाल्यांनी उंच छताचे, जाड भिंतींचे विटांचे वाडे बांधले. १९५० च्या सुमारास झरा आटला. गुऱ्हाळे एकामागून एक बंद पडली, शेवटचे १९६० च्या दशकाच्या मध्यात थंडावले, आणि बरीच कुटुंबे गाव सोडून गेली. पाडून नवे बांधण्याइतका पैसा मागे राहिलेल्यांकडे नसल्यामुळे वाडे तसेच राहिले. ज्या 'जपलेल्या वारशा'चे आज कौतुक होते, त्याचे मोठे श्रेय तीन दशकांच्या गरिबीला द्यावे लागते, ही गोष्ट माहितीपत्रकांत सहसा सांगितली जात नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झरा पुन्हा वाहू लागला, आणि त्याच दशकाच्या मध्यात ला पासहून काबोकडे जाणारा रस्ता डांबरी झाला. दरम्यान प्रदेशाला १९७४ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला होता आणि द्वीपकल्पाच्या टोकाशी केंद्र सरकारच्या योजनेतून लोस काबोस हे पर्यटनकेंद्र आकार घेत होते. डांबरी रस्त्यापाठोपाठ अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील एक चित्रकार येथे स्थायिक झाला, त्याच्यामागून आणखी काही आले, आणि रिकाम्या वाड्यांत चित्रदालने उघडली. किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना जमिनीची थेट मालकी घेता येत नाही; ती बँकेच्या विश्वस्तनिधीमार्फत धरावी लागते. १९९३ च्या कायद्याने या निधीची मुदत तीस वर्षांवरून पन्नास केली. त्याच्या आदल्या वर्षी सामूहिक शेतजमिनी खासगी मालकीत आणण्याची वाटही घटनादुरुस्तीने मोकळी झाली होती. गावाच्या कलाजीवनावर लिहिणारे प्रकाश, रंग आणि समुद्र यांवर पानेच्या पाने खर्च करतात. या दोन कायद्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो, वास्तविक वाड्यांचे आणि वाळूकाठच्या जमिनीचे भाव समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

२००६ मध्ये केंद्राने गावाला 'पुएब्लो माहिको' म्हणजे जादूई गाव हा दर्जा दिला. वेळ अशी साधली गेली की चित्रदालने आधीच होती, रस्ता होता, काबोचे पर्यटक तासाभराच्या अंतरावर होते. दर्जामुळे पदपथ, दिवे आणि दर्शनी भिंतींच्या रंगरंगोटीला निधी आला. एका प्रसिद्ध इंग्रजी गाण्याशी नाव जुळत असल्यामुळे गर्दी खेचणाऱ्या येथल्या हॉटेलावर त्या गाण्याच्या वादकवृंदाने २०१७ मध्ये अमेरिकेत दावा लावला आणि तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला, हे प्रकरण जगभर छापून आले. गावाचे भवितव्य ठरवणारा वाद मात्र तेथून काही किलोमीटरवर, पुंता लोबोसच्या पुळणीवर चालू होता, आणि त्याला त्या मानाने फारच कमी जागा मिळाली.

पुंता लोबोसला बंदर नाही, धक्का नाही. मच्छीमार आपल्या फायबरच्या होड्या, ज्यांना तेथे पांगा म्हणतात, वाळूवरून थेट लाटांत ढकलतात आणि परतताना लाटेचा अंदाज घेऊन पूर्ण वेगाने वाळूवर चढवतात. त्यासाठी रुंद, उताराची, मोकळी पुळण लागते. नेमक्या या पुळणीमागे अमेरिकी भांडवलावर चालणाऱ्या एका विकासक कंपनीला हॉटेल आणि घरे बांधण्याची परवानगी मिळाली. संपूर्ण आराखड्यात टप्प्याटप्प्याने चार हजारांहून अधिक घरे दाखवलेली होती. २०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या जरा पुढे होती, हे लक्षात घेतले म्हणजे विरोधाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कंपनीची भाषा पर्यावरणस्नेही जीवनशैली, योग, सेंद्रिय शेती आणि शिक्षणाची होती. कोलोराडोतील एका सरकारी विद्यापीठाने कंपनीने देणगी दिलेल्या जागेत २०१५ मध्ये आपले केंद्रही सुरू केले.

हॉटेलपुढे संरक्षक बंधारा उभा राहिला आणि २०१५ मध्ये पुळण अरुंद झाल्याची तक्रार मच्छीमारांनी केली. आदल्या सप्टेंबरमध्ये ओडील चक्रीवादळाने हा सगळा किनारा झोडपून काढला होता, तेव्हा धुपीत वादळाचा वाटा किती आणि बंधाऱ्याचा किती यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. तरीही वाळूच्या टेकड्या मागे सरकण्याची जागा भिंतीने अडवली की लाट समोरची वाळू ओढून नेते, हे किनारा अभियांत्रिकीतले जुने ज्ञान आहे, आणि परवानगी देणाऱ्यांना ते ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. मच्छीमारांमध्येही एकवाक्यता नव्हती. काहींनी कंपनीशी आधी करार केला होता आणि काहींना तो मान्य नव्हता. विरोधकांनी कित्येक महिने बांधकामाची वाट अडवून धरली. २०१६ च्या सुरुवातीला पोलिसांनी ती मोकळी केली. २०१७ मध्ये हॉटेल सुरू झाले, आणि त्याच वर्षी मच्छीमारांच्या वकिलाला जमिनीच्या एका वेगळ्या वादातील आरोपांवरून अटक होऊन सुमारे तीन महिने तुरुंगात काढावे लागले.

पाण्याचा प्रश्न याच वादात पुन्हा वर आला. नव्या घरांसाठी समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारू, गावाच्या भूजलाला हात लावणार नाही, असे आश्वासन कंपनीने दिले होते. पण प्रकल्प आधी की घरे आधी, यावर गावकऱ्यांचा आक्षेप होता. २०२० पर्यंत लोकसंख्या सात हजारांवर गेली. गावाच्या काही भागांत नळाला पाणी पाळीपाळीने येते आणि मधल्या दिवसांची गरज टँकरने भागवली जाते. पाहुण्यांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, म्हणजे तो पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतच येतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात अनेक दालने बंदच राहतात.

मेक्सिकोत पुळण सार्वजनिक आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तिथवर जाण्याची वाट अडवणाऱ्या जमीनमालकाला दंड लागू झाला, आणि त्या दुरुस्तीचे स्वागत झाले. पुंता लोबोसला दुपारी होड्या परतताना पाहायला येणाऱ्या पाहुण्याला तिचा उपयोग होतो. होडी चढवायला आणि उभी करायला जी रुंद वाळू लागते, तिच्याबद्दल मात्र त्या दुरुस्तीत काहीच नाही.