‘वाय’ अक्षराची मिरास

हंगेरीत नाव सांगण्याची रीत दहावीच्या गुणपत्रिकेवर असते तशी आहे : आधी आडनाव, मग नाव. त्यातली कित्येक आडनावे आपल्याकडच्या ‘कर’ लावून होणाऱ्या आडनावांच्या जातकुळीतली आहेत. सेगेद शहरातून आलेला तो सेगेदी, देब्रेत्सेनचा तो देब्रेत्सेनी. गावाच्या नावाला ‘इ’ जोडला की आडनाव तयार होते. मात्र रोमन लिपीत हा ‘इ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. सामान्य घरांत तो बहुधा ‘आय’ने लिहितात, तर एस्तरहाझी, अंद्राशी यांच्यासारख्या जुन्या सरदार घराण्यांत ‘वाय’ने. उच्चारात तसूभरही फरक नसल्यामुळे नाव सांगताना ‘इप्सिलोनने (म्हणजे ‘वाय’ने) लिहा’ अशी पुस्ती जोडावी लागते, आणि त्या पुस्तीतून घराण्याचा इतिहासही ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो. १९४७ साली कायद्याने काउंट, बॅरन आदी सगळ्या पदव्या रद्द झाल्या. आडनावाचे शेवटचे अक्षर रद्द करण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

या अक्षराचा उपयोग समाजशास्त्राच्या एका अवघड प्रश्नासाठी झाला. आईबापांचे समाजातले स्थान मुलांकडे कितपत उतरते, हे मोजायचे तर एकाच घराच्या तीन-चार पिढ्यांचे शिक्षण आणि उत्पन्न ठाऊक असावे लागते, आणि अशी माहिती फार थोड्या देशांत मिळते. पण आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. समजा, काही विशिष्ट आडनावांचे लोक एकूण लोकसंख्येत शंभरात एक आहेत, पण पदवीधरांच्या यादीत शंभरात तीन आहेत. म्हणजे त्या गटाला तिप्पट वाटा मिळतो आहे. तीस वर्षांनी हीच मोजणी पुन्हा केली आणि तो वाटा शंभरात एकावर आला असेल, तर समाज भराभर घुसळला गेला असे म्हणता येते. तो तीनवरून जेमतेम अडीचवर आला असेल, तर घुसळण संथ आहे. हीच मोजणी उलट बाजूनेही करता येते : जी आडनावे पदवीधरांत औषधालाही सापडत नाहीत, ती वर यायला किती वेळ लागतो?

ग्रेगरी क्लार्क, पावेऊ बुकोव्स्की, अत्तिला गाश्पार आणि रिता पेतो या अर्थतज्ज्ञांनी हंगेरीतील १९४९ ते २०१७ या काळाला हा मापदंड लावला. या काळाचे सरळ दोन भाग पडतात. पहिली चाळीस वर्षे कामगारवर्गाला वर आणणे हे ब्रीद मानणाऱ्या साम्यवादी राजवटीची, नंतरची बहुपक्षीय लोकशाहीची आणि खुल्या बाजाराची. दोन्ही काळांत स्थान पुढच्या पिढीकडे उतरण्याचे प्रमाण ०.६ ते ०.८ निघाले. ०.७ हा मधला आकडा धरला, तर सरासरीपेक्षा शंभर पावले पुढे असलेल्या घराण्याची नातवंडे ४९ आणि पणतवंडे ३४ पावले पुढे राहतात. राजवट बदलल्याने या वेगात मोजण्याजोगा फरक पडलाच नाही. अठराव्या शतकातील उमरावांचे वंशज १९४९ नंतरही इतरांपेक्षा वरच होते. झपाट्याने बदलले ते फक्त राजकारणातले चेहरे.

हे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. ‘वाय’ असलेला प्रत्येक जण उमराव नव्हता, आणि या पद्धतीत एकेका माणसाचे नव्हे, तर गटाच्या सरासरीचे मोजमाप होते. एखाद्या शेतमजुराची मुलगी डॉक्टर झाली, तरी तिच्या आडनावाची सरासरी जागची हलत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष बाप-मुलाच्या उत्पन्नाची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हे प्रमाण सहसा कमी निघते. माझ्या मते मात्र हा दोषच इथे उपयोगाचा आहे, कारण एकट्यादुकट्याच्या कर्तबगारीने न हलणारे असे जे काही कुटुंबात आणि समाजात साठलेले असते, ते त्यामुळेच नजरेत भरते.

ते नेमके काय असते? जमीन किंवा पैसा, हे उत्तर हंगेरीत पुरत नाही. १९४५ च्या जमीनवाटपात मोठ्या जहागिऱ्या संपल्या. १९५१ च्या उन्हाळ्यात बुडापेस्टमधील जुन्या अधिकारी, उमराव आणि व्यापारी घराण्यांतील बारा हजारांहून अधिक माणसांना घरे सोडायला लावून पूर्वेकडच्या खेड्यांत पाठवण्यात आले. सामान बांधायला जेमतेम एक दिवस मिळाला. विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्याच्या नावापुढे बापाच्या वर्गाचे अक्षर पडे : कामगाराला एक, शेतकऱ्याला दुसरे, बुद्धिजीवीला तिसरे, आणि ‘वर्गशत्रू’ ठरलेल्यांना ‘एक्स’. ते अक्षर लागले की प्रवेशाचे दार जवळजवळ बंद होई. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ही अक्षरे गेली. आधीच्या पिढीने टिकवलेल्या घरातल्या पुस्तकांचा, भाषांचा आणि ओळखीपाळखींचा उपयोग मग पुढच्या पिढीला झाला.

ओळखीपाळखींवर चालणाऱ्या जुन्या कारभारासाठी हंगेरियन भाषेत एक ठसकेबाज शब्द आहे : ‘उरम-बात्याम’. उरम म्हणजे ‘माझे मालक’ आणि बात्याम म्हणजे ‘माझा थोरला भाऊ’. वरिष्ठाला एकाच दमात साहेबही म्हणायचे आणि दादाही म्हणायचे. काम कसे करून घ्यायचे हे या संबोधनातच आले.

याहून बारीक निरीक्षण इव्हान सेलेनी या समाजशास्त्रज्ञाचे आहे. ऐंशीच्या दशकात सरकारने सामूहिक शेतीच्या जोडीला घरामागच्या तुकड्यावर खासगी उत्पादनाची मोकळीक दिली होती, आणि खेड्यांतली काही कुटुंबे प्लास्टिकच्या मांडवाखाली भाज्या काढून किंवा डुकरे पाळून चांगला पैसा मिळवू लागली होती. ही कुटुंबे कोणती, याचा शोध घेता असे दिसले की १९४९ पूर्वी ज्यांचे आजे-बाप धडपडे, हिशेबी, बऱ्यापैकी शेतीचे शेतकरी होते, त्यांच्यातलीच बरीच जण इथे पुढे होती. मधल्या काळात जमीन हातची गेलेली. पण त्या बापांनी शक्यतो अशी कामे धरली होती, की जिथे डोक्यावर मुकादम कमी आणि स्वतःच्या बुद्धीला वाव जास्त. हिशेब ठेवण्याची, जोखीम घेण्याची सवय घरात जिवंत राहिली होती. संधी येताच ती वर आली.

सामाजिक भांडवलाचे, म्हणजे कामी येणाऱ्या नात्यागोत्यांचे, ढोबळ उदाहरण पाहायचे, तर हंगेरीच्या कोणत्याही खेड्यातले ‘कादार-कोत्स्का’, म्हणजे साम्यवादी नेते यानोश कादार यांच्या काळातले चौकोनी घर पाहावे. चारी बाजू सारख्या, वर पिरॅमिडसारखे उतरते छप्पर, रस्त्याकडे दोन खिडक्या. अशी घरे फार मोठ्या संख्येने ‘कलाका’ पद्धतीने उभी राहिली. कलाका म्हणजे आपली सावड : आज माझ्या भिंतींना तुम्ही या, उद्या तुमच्या छपराला मी येतो, मजुरी नाही, पण कोणी किती दिवस दिले हे पक्के लक्षात. ज्याच्या नात्यागोत्यात गवंडी, सुतार आणि वीजतंत्री होते, त्याचे घर थोड्या पैशांत झाले.

ज्यांना या सावडीत कोणी धरलेच नाही, त्या रोमा लोकांसाठी १९६५ नंतर वेगळी घरे बांधली गेली. सरकारी कागदांतले त्यांचे नाव ‘च-घर’, आणि हा ‘च’ ‘कमी केलेल्या’ दर्जासाठी असलेल्या हंगेरियन शब्दाचे आद्याक्षर. बहुतेक घरांत न्हाणीघर नव्हते, आणि ती गावाच्या कडेला रांगेने बांधली असल्याने मोडलेल्या जुन्या वस्तीच्या जागी नवी वस्ती तयार झाली, इतकेच.

रोमा ही हंगेरीतील सर्वांत मोठी अल्पसंख्य जमात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. रोमानी भाषेत आजही पाण्याला पानी आणि कानाला कान म्हणतात, जरी हंगेरीतल्या बहुतेक रोमांची मातृभाषा आता हंगेरियनच आहे. त्यांची संख्या किती, हा प्रश्नच ओळखीच्या गुंत्याकडे नेतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख १५ हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हटले. देब्रेत्सेन विद्यापीठाच्या संशोधकांनी गावोगावच्या स्थानिक यंत्रणेकडे चौकशी केली तेव्हा आकडा पावणेनऊ लाखांच्या घरात गेला. या दोन आकड्यांमध्ये जे लाखो लोक आहेत, ते स्वतःला हंगेरियन म्हणवतात आणि शेजारी त्यांना रोमा म्हणतात. १९७१ साली इश्तवान केमेन्य यांनी पहिली मोठी पाहणी केली, तेव्हा ‘आजूबाजूचे बिगर-रोमा ज्याला रोमा मानतात तो रोमा’ अशीच व्याख्या वापरली होती. नोकरी देणारा किंवा वर्ग पाडणारा मुख्याध्यापक नेमकी हीच व्याख्या वापरतो, हे लक्षात घेतले की ती अन्यायकारक वाटली तरी चुकीची वाटत नाही.

त्या १९७१ च्या पाहणीत कामाच्या वयाच्या रोमा पुरुषांपैकी ८५ टक्के कामावर होते, म्हणजे जवळपास इतरांइतकेच. कामे अकुशल होती. कोणी ओझ्दच्या पोलाद कारखान्यात, तर कोणी दर आठवड्याला ‘काळी गाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेने बुडापेस्टच्या बांधकामांवर जात असे. १९८९ नंतर हे कारखाने बंद पडले आणि आधी अकुशल माणसे काढली गेली. १९९३ च्या पाहणीत कामावर असलेल्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झाले होते. एका पिढीपुरते वर उचललेले पाऊल पुन्हा खाली आले.

आता सारी मदार शाळेवर आहे, आणि हंगेरीची शाळा हे काम नीट करत नाही. दहाव्या किंवा बाराव्या वर्षीच निवडक मुले सहा-आठ वर्षांच्या ‘गिम्नाझियम’मध्ये जातात, त्या वयात निवड मुलाची कमी आणि आईबापांची जास्त होते. २०२२ च्या ‘पिसा’ या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणिताच्या गुणांमधील तफावतीपैकी २५ टक्के घरच्या परिस्थितीशी जोडलेली निघाली. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेची सरासरी १५ टक्के होती. गरीब घराला सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला किती पिढ्या लागतील, याचा या संघटनेने २०१८ मध्ये हिशेब केला : डेन्मार्कमध्ये दोन, हंगेरीत सात. भारतालाही सातच.

ग्योंग्योशपाता या गावच्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग खालच्या मजल्यावर आणि इतरांचे वरच्या मजल्यावर भरत. २०२० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांना एकूण सुमारे दहा कोटी फोरिंटची भरपाई कायम केली. पंतप्रधानांनी या निकालावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारच्या कुटुंब-धोरणाचा तोलही कमावत्या घरांकडेच झुकतो. चार मुलांच्या आईला आयकर माफ आहे, पण आयकर भरण्याइतकी कमाई असलेल्यांनाच या सवलतीचा लाभ. सर्वांना मिळणारा बालभत्ता पहिल्या मुलामागे १२,२०० फोरिंट हा आकडा २००८ पासून धरून बसला आहे.

हंगेरीच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तिथे २००७ साली यानोश ओरशोश आणि तिबोर देर्दाक यांनी रोमा तरुणांसाठी शाळा काढली आणि तिला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले. दोघे महाराष्ट्रात येऊन इथल्या बौद्ध समाजाचे काम पाहून गेले होते. त्यांच्या संस्थेचे नाव ‘जय भीम’ आहे. हेतू साधा होता : अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांना ‘एरेत्शेगी’, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, पास करवणे. ती नसेल तर विद्यापीठाचे दार उघडत नाही.

ओरशोश हे आडनावही ओळखण्याजोगे आहे. ओर्शो म्हणजे चाती. लाकडाच्या चात्या घडवणाऱ्यांचे हे आडनाव, आणि ते ऐकताच हंगेरीत माणूस कोणत्या वस्तीतला याचा अंदाज बांधला जातो. अशी आडनावे पदवीधरांच्या यादीत लोकसंख्येतल्या वाट्याइतकी दिसू लागली, तर आडनावांच्या मोजणीला तो बदल टिपता येईल. पण तिचे माप पिढीचे असल्याने, शायोकाझासारख्या ठिकाणी आज परीक्षेला बसणाऱ्यांची मुले पदवीच्या वयाची होईपर्यंत संशोधकांना थांबावे लागेल.