मेंदूची सूज: पेशीत शिरलेलं पाणी आणि शिरेतून झिरपलेलं पाणी

‘मेंदूला सूज आहे’ हे वाक्य लकवा मारलेल्या रुग्णाचे नातेवाईक ऐकतात आणि मेंदूत गाठ निघालेल्याचेही. मग आयसीयूबाहेर बोलणं होतं: त्यांच्या पेशंटला स्टेरॉइड दिलं, तो दोन दिवसांत बरा बोलायला लागला, आमच्या पेशंटला का देत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं नीट उत्तर मिळणं हा घरच्यांचा हक्क आहे. नाव एकच असलं तरी ही सूज दोन तऱ्हांची असते. मेंदूच्या विकृतींचे अभ्यासक इगॉर क्लाट्झो यांनी १९६७ मध्ये ती फोड करून दाखवली: सायटोटॉक्सिक आणि व्हॅसोजेनिक.

लकव्यात गुठळीने रक्त अडलं की काही मिनिटांतच पेशींची ऊर्जा संपते. सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो, सोडियम आत साचतं आणि त्यामागोमाग पाणी आत शिरतं. पेशी फुगतात. ही सायटोटॉक्सिक सूज. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा तेव्हा शाबूत असतो. रक्तातलं सोडियम एकदम खाली गेलं, उदाहरणार्थ मॅरेथॉनमध्ये गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं गेलं, तरी अशीच सूज येते.

व्हॅसोजेनिक सुजेत बिघाड त्या अडथळ्यातच असतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ते सांधे सैल झाले की प्रथिनांसकट रक्तद्रव बाहेर झिरपतो आणि पेशींच्या मधल्या जागेत पसरतो. कर्करोगाची गाठ, पू झालेली गाठ, आणि आपल्याकडे वारंवार दिसणारी क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची गाठ, या सगळ्यांभोवती हीच सूज असते. स्कॅनवर ती मेंदूच्या पांढऱ्या भागात बोटांसारखी पसरलेली दिसते. एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत तर दोघींमधला फरक सरळ कळतो: फुगलेल्या पेशींमध्ये पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, झिरपलेलं पाणी मात्र मोकळं फिरतं.

स्टेरॉइडचं कोडं इथेच सुटतं. गाठीभोवतीचे सैल सांधे ते आवळतं, म्हणून तिथे गुण येतो. पंप बंद पडून फुगलेल्या पेशीला त्याचा उपयोग नाही. डोक्याला मार लागलेल्या १० हजारांवर रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीत तर स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू वाढले. तो निकाल २००४ मध्ये आला. शेजारच्या रुग्णाचं औषध मागताना हे लक्षात असावं.

आता पाण्याची वाट. पीटर ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पेशींच्या आवरणातल्या ॲक्वापोरिन या जलमार्गांसाठी. मेंदूतला मुख्य जलमार्ग म्हणजे ॲक्वापोरिन-४. रक्तवाहिन्यांना वेढून बसणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींच्या टोकांवर तो दाटीने असतो. अडथळा वेगळा आणि हा मार्ग वेगळा, ही गल्लत फार होते: अडथळा वाहिनीच्या भिंतीत, जलमार्ग तिच्या बाहेरच्या ॲस्ट्रोसाइटवर. दोघांचा संबंध मात्र जवळचा आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात शरीराची प्रतिपिंडं ॲक्वापोरिन-४ वरच हल्ला करतात. ॲस्ट्रोसाइट मरतात आणि मग अडथळाही ढासळतो.

हा मार्ग नसलेले उंदीर तयार करून पाहिलं गेलं. २००० मध्ये दिसलं की पाण्याचा अतिरेक किंवा लकवा झाला तर त्यांचा मेंदू कमी सुजतो. चार वर्षांनी गाठ आणि गोठवून केलेली जखम तपासली, तर त्यांचीच अवस्था जास्त वाईट! कारण या मार्गाला स्वतःची दिशा नाही, दाब आणि क्षार नेतील तिकडे पाणी जातं. पहिल्या सुजेत पाणी त्यातूनच आत येतं. दुसरीत ते फुटक्या अडथळ्यातून आधीच आलेलं असतं, आणि हा मार्ग त्याला मेंदूच्या पोकळ्यांतल्या द्रवाकडे बाहेर काढतो.

म्हणून ॲक्वापोरिन-४ बंद करणारं औषध ही साधी गोष्ट नाही. लकव्यात सुरुवातीला पेशी फुगतात, आणि पुढच्या तासा-दिवसांत अडथळाही गळू लागतो. एकाच रुग्णाच्या मेंदूत जो मार्ग पहिल्या तासांत अडवावासा वाटतो, तोच तिसऱ्या दिवशी उघडा हवा असतो.