रॉकेटच्या भू-चाचणीतील स्फोट

उड्डाणापूर्वी रॉकेट जमिनीवरच घट्ट बांधून त्याची इंजिने काही काळ पेटवून पाहतात. या चाचणीला स्थिर प्रज्वलन चाचणी म्हणतात. ही चाचणी, किंवा तिच्या आधीची इंधन भरण्याची आणि टाक्यांवर दाब देण्याची तयारी चालू असताना रॉकेट, त्याचा एखादा टप्पा (रॉकेट ज्या एकावर एक रचलेल्या भागांचे बनते त्यांपैकी एक) किंवा इंजिन फुटणे, म्हणजे भू-चाचणीतील स्फोट होय. सरकारी संस्थांनाही असे अपघात चुकलेले नाहीत. प्रस्तुत नोंद मात्र खाजगी कंपन्यांच्या रॉकेटांपुरती मर्यादित आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला या चाचणीमागचे तत्त्व साखर कारखान्यावरून चटकन समजेल. गळीत हंगामापूर्वी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, परंतु बॉयलरची मजबुती जोखायची असते तेव्हा त्यात पाणी भरून त्यावर दाब देतात. पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही. त्यामुळे एखादा सांधा सुटलाच तर पाणी उसळते, दाब क्षणात उतरतो आणि काम तेवढ्यावर निभावते. दाबलेला वायू तसा नसतो. तो आवळलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतो आणि भिंत फाटताच ती सगळी एकदम बाहेर टाकतो. म्हणून रॉकेटच्या टाक्याही आधी पाण्याने किंवा उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनने तपासतात. पण पुढे कधीतरी खरे इंधन आणि खरा ऑक्सिजन भरावाच लागतो, आणि खरा धोका तेथे सुरू होतो. बॉयलरला जाड पोलाद परवडते. रॉकेटला प्रत्येक किलो जड होतो. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या, १०० मीटरहून उंच असलेल्या स्टारशिप रॉकेटच्या पोलादी भिंतीची जाडी सुमारे ४ मिलिमीटर आहे. इतक्या पातळ आवरणात ज्वलनशील द्रव आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन हे दोन्ही शेजारी शेजारी, हजारो टनांच्या प्रमाणात साठवलेले असतात.

या प्रकारातील सर्वांत बोधप्रद अपघात १ सप्टेंबर २०१६ रोजी फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथे झाला. स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटमध्ये स्थिर प्रज्वलन चाचणीसाठी इंधन भरले जात होते. चाचणीला काही मिनिटे बाकी असताना, म्हणजे इंजिने पेटण्यापूर्वीच, दुसऱ्या टप्प्याजवळ स्फोट झाला आणि रॉकेटबरोबर त्याच्या टोकावर बसवलेला आमोस-६ हा इस्रायली दळणवळण उपग्रहही नष्ट झाला. जीवितहानी झाली नाही, कारण अशा वेळी मंचाजवळ कोणी थांबत नाही.

कारण शोधायला चार महिने लागले. दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीच्या आत हेलियम वायूच्या छोट्या टाक्या बुडवलेल्या असतात. त्यांना आतून ॲल्युमिनियमचे अस्तर आणि बाहेरून कार्बन तंतूंचे वेष्टन असते. अस्तराला पडलेल्या वळ्यांमुळे अस्तर आणि वेष्टन यांच्यात पोकळी राहिली आणि तीत ऑक्सिजन शिरून अडकला. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, पण अधिक साठा मावावा म्हणून कंपनी तो सुमारे उणे २०७ अंशांपर्यंत थंड करून भरत होती. त्यात भरला जाणारा हेलियम इतका थंड होता की अडकलेला ऑक्सिजन गोठून घन होण्याची शक्यता निर्माण झाली. त्यासाठी तापमान उणे २१९ अंशांपर्यंत उतरावे लागते. दाब वाढताना तंतू घासले किंवा तुटले आणि त्या घर्षणाने ठिणगी पडली, असा निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झाला. ज्या इंजिनांची परीक्षा व्हायची होती त्यांचा या अपघाताशी काहीही संबंध नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उपग्रह चाचणीच्या वेळीच वर बसवलेला असणे ही तांत्रिक गरज नव्हती. त्यामुळे वेळ वाचत होता, एवढेच. प्रस्तुत लेखकाच्या मते या अपघातातील खरी टाळता येण्याजोगी हानी तीच होती. उड्डाण झालेले नसल्यामुळे उपग्रहाची भरपाई प्रक्षेपण विम्यातून न मिळता सागरी मालवाहतुकीच्या विम्यातून मिळाली.

चाचणीत ज्वाला नसली म्हणजे धोका नाही, हा समज २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे येथे महाग पडला. स्केल्ड कॉम्पोझिट्स या कंपनीची तेथील चाचणी केवळ नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याचा, प्रवाह तपासण्याची होती. काहीही पेटवायचे नव्हते. तरीही टाकी फुटली आणि तीन कर्मचारी मरण पावले, तीन जखमी झाले. वर उल्लेखिलेल्या केप कॅनाव्हेरलच्या स्फोटापेक्षा हा कितीतरी लहान होता. पण मोहावे येथे माणसे जवळ होती.

जून २०२४ मध्ये चीनच्या हनान प्रांतातील गोंगयी येथे वेगळाच प्रकार घडला. तिआनलोंग-३ या खाजगी रॉकेटचा पहिला टप्पा चाचणी मंचाला जेथे जोडला होता तो सांधाच तुटला, आणि बांधून ठेवायचा टप्पा उडून सुमारे दीड किलोमीटरवरील डोंगरात कोसळला. इंजिनांनी आपले काम चोख केले होते. हार खाल्ली ती बांधणीने. ऑगस्ट २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर जर्मन कंपनी रॉकेट फॅक्टरी ऑग्सबर्गचा पहिला टप्पा जळाला. तेथे ऑक्सिजन पंपाने पेट घेतला होता.

१८ जून २०२५ च्या रात्री टेक्सासमध्ये स्टारशिपचे ३६ क्रमांकाचे यान प्रज्वलन चाचणीच्या तयारीत असताना फुटले. येथेही दोष निघाला तो नायट्रोजनच्या, कार्बन तंतूंनी वेष्टिलेल्या टाकीत. तिला आधीच झालेली इजा तपासणीत पकडली गेली नव्हती, असे स्पेसएक्सने नंतर सांगितले. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीत काम करणाऱ्याला ही अडचण परिचित आहे: ओतकामातील ब्लो होल, म्हणजे वायू अडकून धातूत राहिलेली पोकळी, वरून दिसत नाही, सुटा भाग गुळगुळीत दिसतो आणि दोष यंत्रावर चढल्यावर उघडा पडतो. तंतूंच्या टाकीचे तर याहून बिकट आहे. धातूवर घाव बसला की निदान पोचा पडतो, तंतूंच्या थरांवर बसलेला घाव बाहेर खूण न ठेवता आतले थर सोडवू शकतो. अवशेष सीमेपलीकडे मेक्सिकोत पडल्यामुळे तेथील सरकारनेही या घटनेची दखल घेतली.

अशा अपघातांचा तपास बहुधा कंपनी स्वतःच करते. २०१६ च्या तपासात अमेरिकेचे नागरी विमान वाहतूक प्रशासन, नासा आणि हवाई दल यांचा सहभाग होता, परंतु नेतृत्व स्पेसएक्सकडेच होते. ज्याच्या घरात चूक झाली त्यानेच ती शोधावी, हे सोयीचे असले तरी निष्कर्षाचा किती भाग लोकांपुढे येतो हे त्या कंपनीच्या इच्छेवर राहते. हे योग्य नाही. विशेषतः जळते अवशेष लोकवस्तीजवळ किंवा दुसऱ्या देशात पडतात तेव्हा तर मुळीच नाही.

भारतात खाजगी रॉकेटांना परवानगी देण्याचे काम २०२० मध्ये स्थापन झालेली इन-स्पेस ही संस्था करते. स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे पहिले भारतीय खाजगी रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले. त्याची मोटर, म्हणजे इंजिन, घन इंधनाची होती. घन इंधन एकदा पेटले की मध्येच विझवता येत नाही, त्यामुळे अशा मोटरची भू-चाचणी म्हणजे तिचे शेवटपर्यंत जळणे, आणि ज्या मोटरने चाचणी दिली ती पुढे उडत नाही. तिच्या साच्यातून आणि त्याच हातांनी बनलेली दुसरी उडते. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे इस्रोच्या रॉकेटांसाठी अशी मोटर-कवचे तयार होतात.