तंबू अगदी नदीकाठी का नाही? मुक्कामाला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुक्कामाची नोंदणी झाल्यानंतर ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात. डोंगरातल्या जंगलात, नदी आणि धबधबे असलेल्या भागात राहायचे आहे, तर तंबू थेट पाण्याच्या कडेला का लावत नाही? तंबूचे दार उघडले की समोर वाहते पाणी दिसावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. आमच्या तळावरून मात्र पाण्यापर्यंत जायला पाच-दहा मिनिटे उतरावे लागते आणि परतताना तेवढेच चढावे लागते. ही गैरसोय आम्ही जाणूनबुजून ठेवली आहे. तिच्यामागची कारणे एकदा लक्षात आली की मुक्कामाचे बाकीचे बहुतेक नियम निराळे समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून या पत्रकाची सुरुवात तिथूनच करीत आहोत.

पाऊस वर, पूर खाली

डोंगरातल्या नदीचे वागणे मैदानातल्या नदीसारखे नसते. उतार तीव्र असतो, मातीचा थर पातळ असतो आणि त्याखाली लगेच खडक लागतो, त्यामुळे पडलेला पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी ओढ्यानाल्यांतून थेट पात्रात उतरतो. आपण उभे असतो त्या ठिकाणचे पाणी हे फक्त त्या ठिकाणचे नसते. वरच्या सगळ्या पाणलोट क्षेत्रात जे पडले, ते थोड्या वेळाने आपल्यासमोरून जाणार असते. म्हणूनच डोक्यावर निरभ्र आकाश आणि हातात चहाचा पेला असतानाही, डोंगराच्या पलीकडे झालेल्या पावसाने पाणी अचानक वाढू शकते. वरच्या बाजूला धरण असेल, तर त्यातून सोडलेल्या पाण्याला पावसाचीही गरज लागत नाही.

पाण्याची ताकद डोळ्यांना कळत नाही, हा खरा अडचणीचा भाग आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो भरते. वाहण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या थोडे वरपर्यंतचे पाणी, धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते आणि सुमारे ६० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक मोटारगाड्या वाहून नेऊ शकते. हे आकडे आम्ही घाबरवण्यासाठी देत नाही. ‘एवढेसे तर पाणी आहे’ हे वाक्य आम्ही काठावर फार वेळा ऐकले आहे, म्हणून देत आहोत.

तळाची जागा ठरवताना आम्ही आधी नदीनेच ठेवलेल्या खुणा पाहतो. झुडपांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत आणि काटक्या, खडकावर ठरावीक उंचीपर्यंत दिसणारा धुतल्यासारखा फिकट पट्टा, एकाच दिशेला वाकलेली रोपे, या सगळ्यांवरून मागचे पाणी कुठवर चढले होते ते समजते. काठावरची मऊ, सपाट वाळू बसायला छान वाटते खरी. पण ती वाळू तिथे नदीनेच आणून टाकलेली असते, आणि ज्या जागी नदी एकदा येऊन गेली तिथे ती पुन्हा येऊ शकते. आमचे तंबू या खुणांच्या बऱ्याच वर, दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या नाल्यांपासून दूर आणि वर चढून जायला मोकळी वाट असलेल्या जागीच असतात. पात्राच्या मधल्या बेटावर आम्ही कोणत्याही ऋतूत मुक्काम करीत नाही.

थंडी आणि दव

पुराचा विषय बाजूला ठेवला, तरी काठावरची झोप वरच्या जागेइतकी सुखाची नसते. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखीच उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे शांत, निरभ्र रात्री नदीकाठची जागा तिच्याच वरच्या टेपाडापेक्षा थंड असते. पाण्याजवळच्या दमट हवेमुळे तंबूच्या आतल्या कापडावर थेंब जमतात. आमच्या सुरुवातीच्या मुक्कामांत आम्हीही हौसेने काठावर तंबू लावले होते; तेव्हा सकाळी पाहुण्यांनी ‘तंबू गळतो’ अशी तक्रार केली, आणि तंबू मात्र शाबूत होते. ते पाणी बाहेरचे नव्हते, श्वासातली आणि हवेतली वाफ कापडावर निवून झालेले होते. म्हणून रात्री कितीही थंडी वाजली तरी तंबूच्या झरोक्याची जाळी थोडी उघडी ठेवावी आणि ओले कपडे आत वाळत घालू नयेत, ही विनंती.

उंचीचा परिणामही लक्षात घ्यावा. दर १००० मीटर चढल्यावर हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे पायथ्याशी उकडत होते म्हणून गरम कपडे गाडीत ठेवून येणाऱ्यांची रात्र कठीण जाते. शरीराची ऊब सर्वांत जास्त खालच्या जमिनीकडे जाते, कारण अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरू शकत नाही. तेव्हा जाड पांघरुणापेक्षा चांगली मॅट महत्त्वाची आहे. ती आम्ही पुरवतो आणि प्रत्येकाने ती वापरावी, असा आमचा आग्रह असतो.

तंबूच्या वर कोणते झाड आहे, हेही आम्ही पाहतो. वाळलेली फांदी तुटायला वादळच लागते असे नाही, म्हणून मेलेल्या झाडाखाली जागा कितीही चांगली असली तरी तिथे मेखा ठोकल्या जात नाहीत. तंबू स्वतःच्या हाताने दुसरीकडे हलवण्याआधी कृपया आमच्या माणसाला विचारावे.

धबधब्यापाशी

धबधबा पाहण्यासाठीच आपण येता, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याकरिता आम्ही दिवसाचा चांगला वेळ राखून ठेवतो. मात्र धबधब्याच्या माथ्यावर, म्हणजे जिथून पाणी खाली झेपावते त्या कडेला, आम्ही कोणालाही नेत नाही. तिथे पाणी उथळ आणि शांत दिसते, परंतु खडकावरचे शेवाळ ओले असताना बुटाचा कोणताही तळवा त्यावर भरवशाने टिकत नाही, आणि घसरलेल्या माणसाला पकडायला तिथे काही नसते. छायाचित्रासाठी ‘फक्त दोन पावले पुढे’ ही मागणी आम्ही नम्रपणे नाकारू.

पायथ्याच्या डोहाबद्दलही गैरसमज आहेत. वरून कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणते. त्या फेसाळ पाण्याची घनता कमी असल्यामुळे त्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही, आणि धारेच्या बुडाशी पाणी गोल फिरत पुन्हा धारेकडेच खेचत राहते. उत्तम पोहणाऱ्यालाही तिथे पोहणे जमत नाही, कारण हात मारायला घट्ट पाणीच मिळत नाही. त्यातच धारेबरोबर वरून दगड आणि ओंडके येऊ शकतात, त्यामुळे थेट धारेखाली उभे राहणेही टाळावे. ज्या डोहाची खोली आमच्या माणसाने त्याच दिवशी तपासली आहे, तिथेच आणि त्याच्या सांगण्यानंतरच पाण्यात उतरावे. उडी कोठेही मारू नये. गेल्या खेपेला मोकळा असलेला तळ एका पुरात दगडांनी भरलेला असू शकतो. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगले उष्णतावाहक आहे, आणि थंड पाण्यात एकदम शिरल्यास आपोआप धाप लागून पाणी नाकातोंडात जाऊ शकते, म्हणून हळूहळू, पायांपासून ओले होत उतरावे.

पाण्याजवळ असताना आमचा माणूस काठाशी एक दगड खूण म्हणून ठेवतो आणि त्याच्याकडे लक्ष ठेवतो. पाणी गढूळ होऊ लागणे, त्यावर पाने-काटक्या वाहत येणे, आवाज बदलून भारी होणे, यांपैकी काहीही दिसले किंवा ऐकू आले तर तो शिट्टी वाजवील. पाणी एकाएकी कमी झाले तरीही वाजवील, कारण वर कोठेतरी ओंडक्यांचा किंवा दरडीचा बांध तयार होऊन पाणी अडले असण्याची आणि तो फुटून ते एकदम खाली येण्याची शक्यता असते. शिट्टी ऐकताच सामान जिथे असेल तिथे सोडून उभ्या उतारावर चढावे. नदीच्या कडेकडेने पळण्याचा उपयोग नसतो, पाणी आपल्यापेक्षा वेगाने येते.

ओढा ओलांडताना

वाटेत ओढा ओलांडायचा असेल तर आम्ही अरुंद जागा न निवडता रुंद जागा निवडतो, कारण रुंद जागी पाणी पसरून उथळ होते. बूट पायातच ठेवावेत, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, तोंड प्रवाहाकडे ठेवून काठीच्या आधाराने तिरके सरकावे. गुडघ्यापर्यंत येणारे वेगवान पाणी आम्ही ओलांडत नाही. ते ओसरेपर्यंत थांबतो किंवा मागे फिरतो, आणि त्यामुळे वेळापत्रक बिघडले तर ते आम्हाला मान्य असते. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरण्याची पद्धत घातक आहे. पाय निसटला तर ताणलेला दोरच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. कोणी वाहून जाऊ लागल्यास त्याने उताणे होऊन पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि पाण्याचा जोर कमी होईपर्यंत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाय अडकणे हाच तेव्हा सर्वांत मोठा धोका असतो.

पिण्याचे पाणी आणि स्वच्छता

डोंगरातले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरी वरच्या बाजूला जनावरे पाणी पितात, त्यातच लीद-शेण पडते, आणि जिआर्डियासारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत. तळावरचे पिण्याचे पाणी आम्ही गाळून, खळखळून उकळी फुटल्यानंतर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळतो, कारण तेवढ्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळू लागते. क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या असल्या तरी क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून त्या आम्ही दुय्यम उपाय मानतो.

शौचाची जागा पाण्यापासून, वाटेपासून आणि तळापासून निदान ६० मीटर लांब असते. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल खणून नंतर मातीने बुजवावा. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी तो नदीत वापरू नये; भांड्यात पाणी घेऊन, काठापासून तेवढ्याच अंतरावर अंग किंवा भांडी धुवावीत.

आग, प्राणी आणि वीज

शेकोटी फक्त परवानगी असलेल्या ठिकाणी, जुन्याच चुलीच्या जागी आणि आमच्या माणसाच्या देखरेखीखाली पेटवली जाते. नदीतले दगड आणून चूल मांडू नये, कारण त्यांच्यात मुरलेले पाणी तापून दगड फुटतो आणि कपच्या उडतात. झोपण्याआधी राखेवर पाणी ओतून ती ढवळावी आणि हाताला गार लागेपर्यंत हे पुन्हा करावे. तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे नेण्यास सक्त मनाई आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

खाण्याचे पदार्थ, टूथपेस्ट आणि वासाचे साबण रात्री सामाईक पेटीत ठेवावेत, तंबूत नव्हे. अंधारात विजेरीशिवाय चालू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, कडे काढावे, तो अवयव स्थिर ठेवावा आणि आम्हाला लगेच हाक मारावी, म्हणजे रुग्णालयाकडे निघता येईल. जळू लागली तर तिला ओढू नये, नखाने तिच्या तोंडाखालून सरकवून काढावे. त्यानंतर बराच वेळ रक्त येत राहते, कारण ती रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागल्यास अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. हा आकडा ३० सेकंदांच्या आत आला की आम्ही माथा, उघडे पठार आणि पाणी सोडतो, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे तिकडे परतत नाही. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. जवळ असल्यास बंद मोटारगाडीत बसावे.

निघण्यापूर्वी

दिवसाच्या फेरीची वेळ आम्ही स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेल्या जुन्या हिशेबावरून काढतो: सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरसाठी आणखी एक तास. मुले, ज्येष्ठ मंडळी आणि चिखल यांच्यासाठी त्यात भरपूर वाढ करतो. परतीची वेळ झाली की धबधबा कितीही रमणीय दिसत असला तरी आम्ही निघतो, कारण उतरताना अंधार पडू नये.

सुती कपडे भिजल्यावर लवकर वाळत नाहीत आणि अंग गारठवतात, म्हणून निदान एक जोड लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा आणावा आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असावा. रेनकोट, डोक्याला लावायची विजेरी आणि रोजची औषधे दोन दिवस जादा, एवढे पुरे. शिट्टी आम्ही प्रत्येकाला देतो. वाट चुकल्यास एका जागी थांबून एका मिनिटात सहा वेळा ती वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. उत्तरादाखल मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू येतील.

नोंदणीच्या अर्जात आपल्याला पोहता येते का, दमा, हृदयविकार किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, आणि घरी कोणाला कळवायचे, हे तीन रकाने आहेत. ते रिकामे ठेवू नयेत. पोहता येत नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. त्यामुळे आपल्याला कोठेही नाकारले जात नाही, फक्त पाण्याजवळ असताना आमचा एक माणूस आपल्या शेजारी राहतो.